धंद्यासाठी दुसरा नंबर: फोन नको, सिम पुरेसं आहे

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरातल्या एक ताई तीन बायकांना सोबत घेऊन घरातूनच कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकतात. महिन्याची विक्री साधारण ७०,००० रुपये, खर्च जाऊन हातात १२,५००, म्हणजे एका ऑर्डरमागे सुमारे ६० रुपये. ऑर्डर, नातेवाईक, बँकेचे ओटीपी, सगळं एकाच नंबरवर येतं. यजमान म्हणतात, १२,००० चा नवा फोन हप्त्यावर घेऊ आणि त्यात ३९९ चं पोस्टपेड कनेक्शन टाकू. एका एजंटने ‘ऑर्डरसाठी एक दाबा’ असं बोलणारी आयव्हीआर सेवा सुचवली आहे, महिना ९९९ अधिक जीएसटी. यातलं काय घ्यावं?

ताई, वेगळा नंबर घ्याच, त्याबद्दल दुमत नाही. पण या दोन्हींपैकी काहीच घेऊ नका. तुमच्या आत्ताच्या फोनमध्ये दुसरं प्रीपेड सिम टाका आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा. तुमच्या आजच्या गरजेला एवढं पुरतं.

आधी हिशोब. पोस्टपेडच्या ३९९ वर १८ टक्के जीएसटी धरला की बिल ४७१ रुपयांच्या आसपास जातं, वर्षाचे ५,६५०. फोनचे १२,००० मिळवले की पहिल्या वर्षी १७,६५० रुपये. म्हणजे जवळपास दीड महिन्याची तुमची सगळी कमाई, किंवा २९४ ऑर्डरींचा नफा. बिनव्याजी हप्ता म्हटला तरी फाइल चार्ज लागतो, आणि एखादा हप्ता चुकला तर दंडासोबत सिबिलवरही, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासात, नोंद होते. आयव्हीआरचे जीएसटीसकट वर्षाला १४,१४६ रुपये होतात. चार-पाच माणसं फोन उचलायला बसलेली असतात तिथे ती सेवा कामाची. तुमच्याकडे फोन घेणाऱ्या तुम्ही एकट्याच. ‘एक दाबा’ ऐकून शेवटी तुमच्याचकडे येणार असेल तर गिऱ्हाईकाला उगाच ताटकळत का ठेवायचं?

प्रीपेडमध्ये तुम्हाला इंटरनेटचा पॅकसुद्धा लागत नाही, कारण व्हॉट्सॲप पहिल्या सिमच्या डेटावर चालतं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. त्यानंतर २०२५ च्या सुरुवातीला असे पॅक आले. जवळपास वर्षभराच्या मुदतीचे पॅक १,७५० ते १,८५० रुपयांच्या घरात होते. दर बदलत राहतात आणि हे पॅक ॲपमध्ये खाली कुठेतरी दडलेले असतात, त्यामुळे रिचार्जच्या दुकानात ‘डेटा नको, फक्त कॉल आणि एसएमएस, वर्षाचा’ असं स्पष्ट मागा. १,८५० धरले तर महिन्याला १५४ रुपये पडतात. ३१ ऑर्डरींत वर्षाचा खर्च वसूल. उलट दर वेळी १९९ चा २८ दिवसांचा पॅक मारत राहिलात तर वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात आणि रक्कम २,५८७ वर जाते.

तरी पहिल्याच दिवशी वर्षाचा पॅक मारू नका. पहिला महिना २८ दिवसांचाच घ्या. कारण रेंज. तुमची भट्टी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे असं तुम्ही लिहिलं आहे. पत्र्याखाली सिग्नल कमी होतो, आणि ऑर्डरचे फोन नेमके तुम्ही भाकरी थापत असतानाच येतात. सिम पहिल्यापेक्षा वेगळ्या कंपनीचं घ्या, म्हणजे एकीचं नेटवर्क गेलं तरी दुसरीवर फोन लागेल. महिनाभरात रेंज पटली नाही तर सिम बदला. नंबर अजून कुठे छापलेला नसेल, त्यामुळे काहीच बिघडत नाही. वर्षाचा पॅक मारून मग पोर्ट करायला, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायला गेलात तर पंचाईत होते: नवं कनेक्शन ९० दिवसांचं झाल्याशिवाय पोर्ट होत नाही आणि उरलेल्या मुदतीचे पैसे बुडतात.

सिम घेताना ते तुमच्याच नावावर, तुमच्याच आधारवर घ्या. भाच्याच्या किंवा कामावरच्या बाईच्या नावावर घेतलेला नंबर कायद्याने त्यांचा असतो. उद्या वाकडं आलं तर धंद्याची ओळखच त्यांच्याकडे राहील. दुकानदार ‘अंगठा नीट आला नाही, परत द्या’ म्हणाला तर पहिला प्रयत्न खरंच फसला का ते स्क्रीनवर बघा. अशा दुसऱ्या अंगठ्यावर गिऱ्हाईकाच्या नावाने आणखी एक सिम चालू करून ते फसवणुकीसाठी विकायचे प्रकार झालेले आहेत. चार-पाच दिवसांनी सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर जाऊन तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते तपासा. ते फुकट आहे. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर ‘हा माझा नंबर नाही’ ही तक्रार तिथेच करता येते. एका व्यक्तीच्या नावावर देशभरात जास्तीत जास्त नऊ सिम चालतात.

फॅन्सी नंबरसाठी पैसे मोजू नका. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. नवीन म्हणून मिळालेला नंबर बऱ्याचदा आधी कोणाचा तरी बंद पडलेला असतो. चालू करण्याआधी तो दुसऱ्या फोनमध्ये सेव्ह करून बघा, व्हॉट्सॲपवर कोणाचा फोटो दिसतो का. चालू झाल्यावर दोन आठवडे कोणाकोणाचे फोन येतात त्याकडे लक्ष ठेवा. जुन्या मालकाचं कर्ज थकलेलं असेल तर वसुलीवाले तुम्हाला छळतील. तसं झालं तर लगेच दुसरा नंबर घ्या. हे सगळं स्टिकर छापायच्या आधी.

आता एक निवड, जिथे बहुतेक जण गोंधळतात. जुना नंबर सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ आहे, मग तोच धंद्याला ठेवून घरचं आणि बँकेचं नव्यावर न्यावं का? मी नाही म्हणेन. बँक, आधार, गॅस, विमा, पॅन सगळीकडे नंबर बदलत फिरावं लागेल. आधारमधला मोबाईल बदलायला ७५ रुपये जातात, वेळ मोडतो तो वेगळा. पण खरं कारण पुढचं आहे. धंदा वाढला की ऑर्डरचा फोन कधीतरी दुसऱ्या कोणाच्या हातात द्यावा लागेल, आणि त्या फोनवर तुमच्या बचत खात्याचे ओटीपी येता कामा नयेत. तेव्हा नवा नंबर धंद्याला, जुना घराला. जुना तुम्ही बंद करणारच नाही, म्हणून संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेला वर्षातून एकदाच फोन करणारं गिऱ्हाईकसुद्धा हातचं जात नाही. त्याचा फोन जुन्यावर आला की ऑर्डर घ्या आणि उत्तर नव्यावरून पाठवा. दोन-तीन महिन्यांत बहुतेक जण आपोआप तिकडे वळतील.

जोडणी करताना काय चुकतं ते सांगते. काही फोनमध्ये दुसऱ्या सिमची जागा आणि मेमरी कार्डाची जागा एकच असते. कार्ड काढावं लागणार असेल तर त्यातले फोटो आधी उतरवून घ्या. फोन ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता चालणारं सिम, घेत असेल तर हा प्रश्न येत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये डेटासाठी पहिलं सिम कायम ठेवा, कॉलसाठी ‘दर वेळी विचारा’ ठेवा आणि दोन्ही सिमना वेगळी रिंगटोन लावा. म्हणजे पीठ लागलेल्या हातानेही कळेल की फोन माहेरचा आहे की ऑर्डरचा.

दोन सिमच्या बहुतेक फोनमध्ये एका सिमवर बोलत असताना दुसरं सिम लागत नाही. गिऱ्हाइकाला ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकू येतं आणि तुम्हाला मिस्ड कॉलही दिसत नाही. यावर उपाय आहे: धंद्याच्या सिमवर ‘संपर्क होत नसेल तेव्हा’ या प्रकारचं कॉल फॉरवर्डिंग जुन्या नंबरवर लावा आणि दोन्हींवर कॉल वेटिंग चालू करा. हे फोनच्या कॉल सेटिंगमधूनच करा. तारा-हॅशचे कोड दाबून फॉरवर्डिंग लावायची सोय फसवणुकीमुळे एप्रिल २०२४ पासून थांबवण्याचे आदेश निघाले आहेत. फोनवरून कोणी असा कोड दाबायला सांगितला तर तो तुमचे कॉल पळवायला बसला आहे असं समजा.

व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप आहे आणि ते फुकट आहे. साध्या व्हॉट्सॲपशेजारी ते त्याच फोनमध्ये नांदतं, फक्त नंबर वेगळा हवा. ते उघडताच फोनमधला जुना नंबर दाखवून ‘हाच वापरायचा का’ असं विचारतं. तिथे घाईने हो म्हणालात तर तुमचं घरचं व्हॉट्सॲपच बिझनेसमध्ये जातं, चॅटसकट. दुसऱ्या नंबरचा पर्याय निवडा, नवा नंबर टाका, एसएमएसने आलेला कोड द्या. मग लगेच सहा अंकी पिन लावून टू-स्टेप व्हेरिफिकेशन पूर्ण करा. धंद्याचं नाव, वेळ, पत्ता भरा. कॅटलॉगमध्ये भाकरीचं पाकीट आणि चटणीचे पाव, अर्धा, एक किलो असे वेगवेगळे दर फोटोसह टाका. रात्री नऊनंतरसाठी ‘उद्या सकाळी उत्तर देऊ’ असा आपोआप जाणारा निरोप लावा. पार्सलचे दर, खात्याची माहिती, घरी येण्याची खूण हे क्विक रिप्लायमध्ये साठवा. दिवसातून वीसदा तेच टाइप करण्यात जाणारा वेळ वाचतो.

सिम फोनमध्येच राहू द्या. खातं उघडून सिम काढून डब्यात ठेवायची पद्धत आहे, पण ज्या सिमवर खातं आहे ते फोनमध्ये चालू असल्याशिवाय अशी ॲप चालू नयेत, असे निर्देश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिले आहेत. याच कारणाने परदेशी नंबर भाड्याने देणारी ॲपही नकोत. शिवाय अनोळखी देशाचा नंबर पाहून सोलापूरचं गिऱ्हाईक फोन उचलणार नाही.

घरी फायबर इंटरनेट असेल तर एक गोष्ट तपासा. त्यासोबत बहुधा ०२१७ चा लँडलाइन नंबर आलेला असतो आणि कॉलही त्यातच असतात. साधा फोन जोडला की जादा खर्चाशिवाय दुसरी लाइन तयार. पण ती फक्त जोडीला ठेवा. त्यावर एसएमएस येत नाही, आणि लँडलाइन नंबर मोबाईलसारखा दुसऱ्या कंपनीत पोर्ट होत नाही. इंटरनेट कंपनी बदलली की तो गेला.

कुठून तरी नंबरांची यादी मिळवून अनोळखी लोकांना दिवाळीच्या जाहिरातीचे फोन किंवा एसएमएस करू नका, हे कळकळीने सांगते. फेब्रुवारी २०२५ च्या नियमानुसार दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या तरी कारवाई सुरू होते. पहिल्या वेळी तुमच्या नावावरच्या सगळ्या नंबरांचं आउटगोइंग १५ दिवस बंद, पुन्हा घडलं तर सगळे नंबर वर्षभरासाठी तोडले जातात. त्यात तुमचा बँकेचा नंबरही आला. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरा: एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून पहिल्या पार्सलमध्येच ‘नंबर सेव्ह करा’ अशी चिठ्ठी घाला.

यजमानांचा मुद्दा आहे की पोस्टपेडचं बिल कर वाचवायला दाखवता येईल. तुमचा वर्षाचा नफा दीड लाख आहे. नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत करच नाही. नसलेला कर वाचवायला ५,६५० घालवण्यात अर्थ नाही.

सगळ्यात मोठा धोका रिचार्ज विसरण्याचा. ९० दिवस नंबर वापरात नसला तर कंपनी तो बंद करू शकते, आणि काही काळाने तो दुसऱ्याला दिला जातो. मग तो माणूस त्यावर व्हॉट्सॲप उघडतो आणि तुमच्या ऑर्डरी त्याच्याकडे जातात. त्यासाठी दर महिन्याला १५५ रुपये वेगळे काढा आणि वर्षाचं रिचार्ज संक्रांतीनंतर, गड्ड्याच्या विक्रीचा पैसा हातात असताना करा. आत्ताच्या पॅकची मुदत त्याआधी संपत असेल तर मधे एखादा छोटा पॅक घालून तारीख जुळवून घ्या. तारीख कॅलेंडरवर लिहा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.

नवा फोन कधी घ्यावा? ऑर्डर घेण्यासाठी वेगळी बाई ठेवाल तेव्हा, आणि तोही रोखीने. तोवर कोणाला मदतीला घ्यायचं असेल तर घरातला एखादा जुना स्मार्टफोन बिझनेस खात्याला ‘लिंक्ड डिव्हाइस’ म्हणून जोडता येतो. मुख्य फोन तुमच्याकडेच राहतो. नुसत्या कॉलसाठी जुना बटनांचा फोन काढणार असाल तर तो फोरजी आहे का ते बघा. टूजी फोनमध्ये जिओचं सिम चालत नाही.

हैदराबादला चटणीची पार्सलं जातात असं तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. परराज्यात करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. हे फोनपेक्षा मोठं प्रकरण आहे, याच महिन्यात कर सल्लागाराला गाठा. नोंदणी झाली तर तो क्रमांकही पाकिटावर घालावासा वाटेल, म्हणून नवे स्टिकर त्यानंतरच छापा. पाकीटबंद मालावर तक्रारीसाठी संपर्क क्रमांक द्यावाच लागतो, तो आता धंद्याचा नवा नंबर असू द्या. जुने स्टिकर टाकून देऊ नका. त्यावरचा नंबर तुमच्याकडेच चालू राहणार आहे, ते संपेपर्यंत वापरा.