आधी नोंद, मग वस्तू

पोरी,

अख्खा हंगाम खापरं धुण्यात गेला म्हणून तू ग्रीक पुरातत्त्व सोडायचं म्हणतेस. सोडायचं तर सोड, पण हे कारण मला पटत नाही.

तू सामोथ्रेस या ग्रीक बेटावर आहेस, महान देवतांच्या प्राचीन क्षेत्रात. तिथे रात्री दीक्षा घेणाऱ्यांना आत काय पाहिलं ते बोलायची बंदी होती, आणि लोकांनी ती पाळली. मग साक्ष कोण देणार? दिवे, वाट्या, लोखंडी अंगठ्या. त्याही कुठे पडल्या होत्या ते कळलं तरच. म्हणून आधी नोंद. थर कुठला, खोली किती, शेजारी काय होतं, हे वस्तू उचलायच्या आधी वहीत उतरलं पाहिजे.

१८६३ मध्ये शांप्वाझो या फ्रेंच अधिकाऱ्याने तिथून पंखवाल्या विजयदेवतेची मूर्ती काढून पॅरिसला धाडली. जवळचे करड्या संगमरवराचे ठोकळे थडग्याचे समजून तिथेच टाकले. १८७५ मध्ये ऑस्ट्रियन अभ्यासकांनी ते नीट पाहिले तेव्हा उलगडलं, ती जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, होती आणि देवी तिच्यावर उभी होती! १८७९ मध्ये ठोकळेही पॅरिसला गेले. १९५० मध्ये तिथे उत्खनन करणाऱ्या कार्ल लेहमान यांच्या चमूला देवीचा उजवा पंजा मिळाला, बोटांशिवाय. अंगठा आणि अनामिकेचं टोक व्हिएन्नाच्या संग्रहालयात निघालं, जुन्या ऑस्ट्रियन उत्खननातलं. हातात तुतारी असावी असं विद्वान मानत आले होते. पंजा उघडा निघाला आणि तो तर्क संपला. एवढ्याशा तुकड्यांनी हे केलं, आणि तू खापरांना कंटाळतेस?

नोंदींनी पोट भरत नाही, हे मला सांगू नकोस. शोधांच्या घोषणा करणारे पुढे गेले, मी नकाशे तपासत बसलो. एका संस्थेने प्रकाशनं कमी म्हणून मला कायम केलं नाही. सल आहे, आजही आहे. पण अर्धवट नोंदींवर अहवाल तेव्हा छापला नाही, आताही छापणार नाही. काढलेला थर परत घालता येत नाही, पोरी. उत्खनन ही एकदाच करता येणारी मोडतोड आहे. नोंद नसेल तर आपण नुसते खड्डे खणतो.

तेव्हा उद्या एवढं कर. टोपल्यांतल्या भिजलेल्या चिठ्ठ्या पेन्सिलीने नव्याने लिही. खापरं वाळत घालताना दोन टोपल्यांतली एकमेकांत जाऊ देऊ नकोस. थंडीत जर्मन शिकायला घे, ऑस्ट्रियनांचे जुने अहवाल त्याच भाषेत आहेत. ते वाचून झाल्यावर सोडायचं की नाही ते मला कळव.