शरद ऋतूची चित्रपुस्तकं, दुसरीच्या वर्गासाठी

तुम्ही शरद ऋतूवरची पुस्तकं विचारलीत, पण दुकानात ‘ऑटम’ म्हणून मिळतात त्यांत सगळीकडे लालभडक पानगळ असते. मी एकदा तसलंच वाचायला घेतलं, तर एक पोरगं म्हणालं, “बाई, झाड पेटलंय!” त्याचंही बरोबरच. सोलापुरात कडुनिंब झडतो तो फेब्रुवारी-मार्चला. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक: ऑक्टोबरचं ऊन, हादगा, झेंडू आणि मालदांडी ज्वारीची पेरणी. ‘ऋतू’ हा शब्द नसला तरी चालेल, शेत, पाखरं, चांदणं असलेलं पुस्तक घ्या. परदेशी पानगळ दाखवायचीच असेल तर खुशाल दाखवा, फक्त ती थंड मुलखातली आहे हे आधी सांगा.

निवडताना पुस्तक उघडून टेबलावर उभं करा आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसा. चित्र तिथून कळलं नाही, तर ठेवून द्या. पानावर दोन-तीनच ओळी हव्यात, नाहीतर मागची पोरं दप्तरं उघडतात. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनाच्या ‘स्टोरीवीव्हर’ या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळीनुसार लावलेल्या. दुसरीला पहिली-दुसरी पातळी पुरते.