वाचकांचे प्रश्न : हलकं चाक, जड टायर

जुन्या अमेरिकन मसल कारच्या (मोठ्या, ताकदवान इंजिनाच्या गाड्यांच्या) चाकांबद्दल आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं या वेळी घेतली आहेत. मापं बहुतेक इंचांत आहेत, कारण या गाड्यांचं जग इंचांतच चालतं; १५ x ७ म्हणजे १५ इंच व्यासाची, ७ इंच रुंद रिम. टायरची रुंदी आणि ऑफसेट (चाक हबवर टेकतं ते पृष्ठ रिमच्या मध्यापासून किती सरकलेलं आहे ते अंतर, + म्हणजे बाहेरच्या बाजूला) मात्र मिलिमीटरमध्ये, तोही रिवाजच.

प्रश्न : १९६९ ची कॅमारो, ३५० घनइंचांचं इंजिन, १५ x ७ ची लोखंडी रॅली चाकं. हलकी चाकं घालायची आहेत, पण फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) चाकांचा खर्च झेपणार नाही. चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो असं सगळे सांगतात. खरंच एवढा फरक पडतो?

नाही पडत. दहापटीचा हिशोब कुठून आला देव जाणे, पण तो भौतिकशास्त्रात बसत नाही. चाक पुढेही जातं आणि फिरतंही, म्हणून त्याला वेग द्यायला जास्त ताकद लागते, हे बरोबर. पण सगळं वजन अगदी बाहेरच्या कडेला आहे असं धरलं तरी हा परिणाम दुपटीच्या वर जात नाही. प्रत्यक्षात तो दुपटीपेक्षा कमीच असतो, कारण रिमचं बरंच वजन मधल्या भागात असतं.

तुमचं लोखंडी चाक साधारण १० किलोचं आहे. त्याच मापाचं चांगलं ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं चाक ८ किलोच्या आसपास येतं. चारांत मिळून ८ किलो वाचले, म्हणजे वेग पकडताना गाडी फार तर १६ किलोंनी हलकी झाल्यासारखी वाटेल. दीड टनाच्या गाडीत हा फरक एक टक्क्याच्या जवळपास. घड्याळात तो सापडणं मुश्कील.

मग हलकं चाक घ्यायचंच कशाला? रस्त्यासाठी. खड्ड्यावरून जाताना स्प्रिंग आणि शॉकला जे वजन आवरायचं असतं, ते कमी होतं. मागे अखंड धुरा आणि पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या गाडीत हे चटकन जाणवतं. खडबडीत वळणावर मागची बाजू नाचत सरकते, ते कमी होतं. स्टीअरिंगला बसणारे झटकेही सौम्य होतात. १९६७ च्या कॅमारोला मागे एकच पाटा होता आणि जोरात सुटताना तिची मागची चाकं उड्या मारायची. तुमच्या गाडीत असं होत असेल तर आधी पाटे आणि शॉक बघा, चाकं नंतर.

आता खरी मेख. २३५/६० आर १५ टायर (२३५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, १५ इंची रिमसाठी) साधारण ११ ते १२ किलोचा असतो, म्हणजे रिमपेक्षा जड. शिवाय त्याचं वजन कडेला, जिथे ते सगळ्यात जास्त भारी पडतं. हलकी रिम घेऊन मागे २७५/६० चा टायर चढवला, तर रिमवर वाचवलेले दोन किलो टायरमध्ये परत आले, वर थोडं व्याजही. टायरचं वजन उत्पादकांच्या तक्त्यात छापलेलं असतं, ते वाचूनच टायर निवडा. रिमचं वजन बहुतेक जण छापत नाहीत. त्यासाठी सामान तोलायचा हुकाचा काटा घ्या आणि रिम नटच्या भोकातून दोरी ओवून टांगा. दुकानदाराच्या ‘एकदम हलकं आहे’ पेक्षा काटा बरा.

आणखी एक सापळा. स्वस्त ओतीव १७ x ८ चं चाक पुष्कळदा १० ते ११ किलो भरतं. म्हणजे लोखंडी १५ इंची काढून अ‍ॅल्युमिनियमचं १७ इंची घातलं आणि वजन होतं तिथेच राहिलं. कमी पैशांत वजन घटवायचं तर ओतीव १५ x ७ हाच सरळ मार्ग. क्रोमचा चकचकीत रिम आणि मधे अ‍ॅल्युमिनियम अशी साठच्या दशकातल्या धाटणीची चाकं दिसतात देखणी, पण त्यांचा रिम लोखंडाचाच असतो.

प्रश्न : १९६७ च्या फायरबर्डसाठी आयरॉक-झेड कॅमारोची (ऐंशीच्या दशकातल्या कॅमारोची) जुनी १६ x ८ ची चाकं मिळत आहेत. बसतील का? टायर घासेल का?

बोल्टचं वर्तुळ जुळतं. दोन्ही गाड्यांना ४.७५ इंचावर पाच बोल्ट. या चाकांची गंमत अशी की पुढची आणि मागची एकसारखी दिसतात, पण पुढच्यांचा ऑफसेट ० आणि मागच्यांचा +१६ मिमी असतो. विकणारा चारही एकच म्हणून देईल, म्हणून चाकावर ओतलेला आकडा स्वतः वाचून घ्या. नव्या गाड्यांच्या चाकांचा ऑफसेट खूप जास्त असतो. त्यामानाने ही जुन्या गाडीला सोयीची आहेत.

घासेल का, हे टायर चढवून बघण्याआधी कागदावर काढता येतं. २४५ चा टायर ८ इंची रिमवर साधारण २५० मिमी रुंद भरतो (रिमची रुंदी अर्धा इंच बदलली की टायर ५ मिमीने बदलतो). निम्मे झाले १२५. ऑफसेट ० असेल तर चाक जिथे ड्रमवर टेकतं त्या पृष्ठापासून टायर आत १२५ आणि बाहेर १२५ मिमी जाईल. +१६ ला आत १४१ आणि बाहेर १०९.

आता गाडीवर या. चाक काढा, धुऱ्याखाली स्टँड लावा, म्हणजे पाट्यांवर गाडीचं वजन राहील. ड्रमच्या पृष्ठावर सरळ लाकडी पट्टी उभी धरा, ती वर टायर पोचतो तिथपर्यंत लांब हवी. पट्टीपासून आत पाट्यापर्यंतचं आणि आतल्या पत्र्यापर्यंतचं अंतर मोजा. जे कमी असेल ते धरा. बाहेरच्या बाजूला मडगार्डच्या आतल्या दुमडीवरून ओळंबा सोडा आणि तिथपर्यंत मोजा. पाट्याच्या बाजूला १० ते १२ मिमी मोकळे राहायला हवेत. मडगार्डकडे थोडे जास्त, कारण वळणावर धुरा आडवा सरकतो. मग शॉक सोडून जॅकने एक बाजू वर दाबा आणि पुन्हा मोजा.

हे सगळं दोन्ही बाजूंना करायचं. या गाड्यांत धुरा बरोबर मधोमध क्वचितच असतो, पाव-अर्धा इंच फरक नेहमीचा. ‘डावीकडे घासत नाही, उजवीकडेच घासतो’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. पुढे मोजताना स्टीअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. टायर पहिल्यांदा लागतो तो मडगार्डच्या खालच्या कोपऱ्याला.

जुनी चाकं घेताना टायर उतरवलेली घ्या. आतला गोल भाग चिंधीने पुसून उजेडात फिरवून बघा, चिरा तिथे येतात. नुसती रिम बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून घ्या. एक मिलिमीटरपेक्षा जास्त डुगडुगत असेल तर सोडा. कड वाकली असेल तर सरळ करता येते, पण आऱ्यावर वेल्डिंग केलेलं चाक फुकट मिळालं तरी नको. पावडर कोटिंग करून घेणार असाल तर नट टेकतो ती जागा झाकायला सांगा. तिथे रंगाचा थर राहिला तर तो दबतो आणि नट ढिले होतात.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. या चाकांचं मूळ माप २४५/५० आर १६, आणि त्या मापात टायरची निवड आता फार उरलेली नाही.

प्रश्न : १९६६ ची मस्टँग, व्ही-८. नव्वदच्या दशकातल्या मस्टँगची १७ x ८ ची चाकं स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी जाड चकती) लावून बसवावीत का?

बसतात, पण हिशोब करून बघा. १९९४ ते २००४ च्या मस्टँगच्या १७ x ८ चाकाचा ऑफसेट साधारण +३० मिमी. ८ इंची चाक कडेपासून कडेपर्यंत ९ इंच असतं. त्याचं अर्धं साडेचार, त्यात ३० मिमीचे १.१८ मिळवले की बॅकस्पेस (आतल्या कडेपासून टेकणाऱ्या पृष्ठापर्यंतचं अंतर) ५.६८ इंच. तुमच्या गाडीला ४.७५ च्या आसपास लागतो. म्हणजे चाक जवळजवळ एक इंच बाहेर आणावं लागेल, आणि त्यासाठी २५ मिमीचा अडॅप्टर, म्हणजे स्वतःचे स्टड (नट बसतो ते बोल्ट) असलेला स्पेसर. बोल्ट ४.५ इंचावर पाच, ते जुळतात. (सहा सिलिंडरची मस्टँग असती तर बोल्ट चारच, आणि विषय तिथेच मिटला असता.)

अ‍ॅल्युमिनियमचा २५ मिमी जाडीचा अडॅप्टर स्वतःच्या स्टडसकट किलोभर भरतो. हलक्या चाकाचा फायदा तिथे खर्ची पडतो. त्यात हबवर नेमका बसणाराच अडॅप्टर हवा. नुसती चकती घालून जुन्याच स्टडवर नट आवळू नका, आट्यांची पकड पुरत नाही. मूळ स्टड अडॅप्टरच्या बाहेर डोकावत असतील तर चाकाच्या पाठीला तिथे खोबणी आहे का बघा. नसेल तर चाक टेकणारच नाही, टेकल्यासारखं फक्त वाटेल. ८० किलोमीटर चालवल्यावर चाक काढून आतले नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावे लागतात, आणि हे नेमकं कुणी करत नाही.

चार अडॅप्टर, नवे नट आणि रंगकाम धरून बेरीज करा. जुन्या मस्टँगसाठीच ४.७५ बॅकस्पेसची नवी ओतीव चाकं तयार मिळतात. बेरीज त्यांच्या जवळ जात असेल तर आम्ही नवी घेऊ. पुढे टायर २२५/४५ आर १७ पेक्षा रुंद नको.

प्रश्न : शेव्हेलवर बीएमडब्ल्यूची चाकं? पाच बोल्ट, १२० मिमी. शेव्हेलच्या ४.७५ इंचापासून (१२०.६५ मिमी) फरक फक्त ०.६५ मिमीचा आहे.

नको. प्रत्येक स्टड ०.३ मिमी बाजूला ओढला जातो. नट आवळताना ‘बसलं’ वाटतं, पण निमुळता नट एका अंगावर टेकतो आणि पुढे सैल होतो. शिवाय मधलं भोक ७२.६ मिमी, तुमचा हब ७०.३ मिमी, म्हणजे चाक मधोमध बसवायला वेगळी कडी लागणार. २०१० नंतरच्या कॅमारोची चाकंही १२० मिमीचीच आहेत, आणि त्यांचं मधलं भोक तर तुमच्या हबपेक्षा लहान.

प्रश्न : पांढऱ्या अक्षरांचे १५ इंची टायर घ्यावेत, की १७ इंचीवर जावं?

गाडी रविवारी फिरवायची आणि चारचौघांत उभी करायची असेल तर १५. पांढऱ्या अक्षरांचे हे रेडियल बहुतेक एस किंवा टी वेगश्रेणीचे, म्हणजे १८० आणि १९० किलोमीटरपर्यंतचे. त्यांचा रबर टणक असतो. टिकतात चांगले, पण ओल्या रस्त्यावर आणि जोरदार ब्रेकला कमी पडतात. रुंद १५ इंची मापांत चिकट रबराचे टायर फारसे उरलेले नाहीत. घाटरस्ता किंवा ट्रॅक डोक्यात असेल तर १७ ला पर्याय नाही, २४५/४५ आर १७ मध्ये व्ही आणि डब्ल्यू श्रेणीचे पुष्कळ मिळतात. मोठे डिस्क ब्रेक बसवले असतील तर प्रश्नच उरत नाही, ते १५ इंचीत मावत नाहीत.

उंचीची काळजी करू नका. २३५/६० आर १५ चा व्यास २६.१ इंच, २४५/४५ आर १७ चा २५.७. स्पीडोमीटर दीड टक्का जास्त दाखवेल, एवढंच. मागे २५५/६० आर १५ घातला तर २७ इंच होतो. गाडी मागून उचललेली दिसते आणि पहिल्या गिअरचा जोरही थोडा कमी होतो. पुढे-मागे एकच माप ठेवलं तर टायर अदलाबदल करता येतात, आयुष्य वाढतं. स्वस्तातला खरा उपाय हाच.

टायरच्या अंगावरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. या गाड्यांचे टायर झिजून नाही, वयाने जातात. नक्षी नव्यासारखी असली तरी दहा वर्षांचा टायर बाद समजा, आणि सहा वर्षांनंतर दर वर्षी तपासून घ्या.

आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) जुन्या पुस्तकातल्या आकड्यांवर करू नका, ते तिरप्या धाग्यांच्या बायस टायरसाठी आहेत. रेडियलसाठी कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे कल) २ ते ४ अंश पॉझिटिव्ह, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) अर्धा अंश निगेटिव्ह, टो-इन (पुढून चाकं आत वळलेली) एकूण १/१६ ते १/८ इंच. नवे टायर घालूनही गाडी भरकटत असेल, तर टायरला दोष देण्याआधी हे बघा.

प्रश्न : १९६८ ची डॉज डार्ट. डाव्या चाकाचे नट सुटत नाहीत, एक स्टड तुटलाही. आणि या मापाची चाकं का मिळत नाहीत?

डावीकडचे आटे उलटे आहेत. क्रायस्लरच्या त्या काळातल्या गाड्यांत डाव्या बाजूचे नट घड्याळाच्या दिशेने सुटतात. स्टडच्या टोकावर ‘एल’ कोरलेला असतो, गंजाखाली गेला असेल तर ब्रशने घासून बघा. स्टड बदलतच असाल तर सगळे सरळ आट्यांचे घाला, नव्या चाकांचे नट सहज मिळतील.

तुमच्या ड्रम ब्रेकच्या डार्टचे पाच बोल्ट ४ इंचावर आहेत, आणि त्या मापात चाकं मोजकीच निघतात. १९७३ पासूनच्या डिस्क ब्रेकच्या गाड्यांचं पुढचं सामान ४.५ इंचाचं. ते बसवलंत तर ब्रेकही सुधारतात आणि चाकांची निवडही खुली होते, मात्र मागचा धुराही त्याच मापाचा करावा लागतो.

प्रश्न : नवी चाकं बसवताना नट किती आवळायचे?

७/१६ इंची स्टडला (कॅमारो, फायरबर्ड, शेव्हेल) ६५ फूट-पाउंडच्या आसपास. अर्धा इंचीला (मस्टँग) ७५ ते ८५. चाकाबरोबर वेगळा आकडा आला असेल तर तो पाळा. आधी हाताने नट लावा आणि फेरे मोजा. इंचाला २० आटे आहेत, म्हणून ७/१६ ला निदान नऊ फेरे, अर्धा इंचीला दहा. कमी भरले तर लांब स्टड घाला. लोखंडी चाकाचे जुने नट अ‍ॅल्युमिनियमला चालतीलच असं नाही. काही चाकांना ६० अंशांचा निमुळता नट लागतो, काहींना सरळ दांड्याचा आणि खाली सपाट वायसरचा. एकाचा नट दुसऱ्याला लावला तर भोक खराब होतं. चाक हवेत असताना अर्धवट आवळा, जमिनीवर टेकवून एकाआड एक चांदणीच्या क्रमाने पूर्ण करा, आणि ८० ते १५० किलोमीटरनंतर चाक थंड असताना पुन्हा तपासा.