गिटारवर सॅबथ वाजवायचंय? आधी ब्लूज हातात येऊ दे

हेवी मेटल म्हणजे फक्त वेग, हे आधी डोक्यातून काढ; त्याची मुळं ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतात आहेत. ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा १९७० चा पहिला अल्बम ऐक, जेमतेम ३८ मिनिटांचा. लोकलमध्ये नको; त्या खडखडाटात गीझर बटलरची बेस गिटार बुडते आणि अर्धी गंमत जाते. रात्री घरी, हेडफोन लावून.

पहिल्या गाण्यात पाऊस, घंटा आणि मग तीनच सूर: सा, तार सा, खाली उतरून तीव्र मध्यम. पेटीवरही वाजवून बघ, काटा येतो. घरचे ‘सैतानाचं काय लावलंयस’ म्हणतील. त्यांना सांग, गाणारा घाबरून देवाचाच धावा करतोय.

‘द विझार्ड’मध्ये गायक ऑझीचा माउथ ऑर्गन ऐक, तो सरळसरळ ब्लूज आहे. ‘वॉर्निंग’ तर दुसऱ्या ब्लूज बँडचं गाणं, त्यात गिटारिस्ट टोनी आयोमी मिनिटामागून मिनिटं मोकळा सुटतो. (थोडं लांबलंय, माझ्या मते.) कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली आणि हलक्या तारा लावल्या.

तेव्हा जाड तारांवर पैसे उडवू नकोस. ट्यूनिंगही उतरवू नकोस (म्हणजे तारा खालच्या सुरात लावू नकोस), ते प्रकरण १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासूनचं. आधी पाच सुरांचं पेंटॅटॉनिक स्केल, मग बेंड (तार ओढून सूर चढवणं) सुरात. चाळीत राहत असशील तर अँपला हेडफोनची सोय आहे ना, एवढं बघून घे.