कोऱ्या अणुइंधनाची पेटी पुरात सापडली तर?

प्रश्न : माझा पुतण्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कारखान्यात आहे. अणुभट्टीचं नवं, न वापरलेलं इंधन नेण्याच्या पेट्यांची चौकशी त्यांच्याकडे आली आहे. ड्रॉइंगमध्ये शिसं कुठेच नाही, म्हणून वहिनी धास्तावल्या आहेत. शिवाय २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलं. असल्या पाण्यात ट्रक अडकला तर?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : वहिनींना आधी सांगा, शिसं नाही ते बरोबरच आहे. शिसं किंवा जाड पोलाद लागतं ते वापरलेल्या इंधनाला. भट्टीत युरेनियम फुटून झालेल्या द्रव्यांचे गॅमा किरण अडवायला. कोऱ्या इंधनात ती द्रव्यं नसतात. त्यातला मुख्य भाग म्हणजे युरेनियम-२३८; त्याचं अर्धायुष्य सुमारे ४५० कोटी वर्षं, इतकं ते सावकाश झिजतं. त्याचे अल्फा कण झिर्कोनियमच्या नळीबाहेरही येत नाहीत. कामगार साधे हातमोजे घालून हे इंधन हाताळतात.

पाण्याचं मात्र तुम्ही नेमकं विचारलंत. मी नोकरीत असताना अशाच पेट्यांची गणितं करत असे आणि त्यातलं बहुतेक गणित पाण्याचंच असे.

काक्रापारच्या अणुवीज केंद्राचं इंधन हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये तयार होतं. ते नैसर्गिक युरेनियम, त्यात युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के. साध्या पाण्यात ते कसंही रचलं तरी साखळी अभिक्रिया, म्हणजे एका अणूतून सुटलेल्या न्यूट्रॉनांनी पुढचे अणू फुटत जाणं, चालू राहत नाही; त्यासाठी तिथल्या भट्टीत जड पाणी वापरतात. कुडनकुलमच्या अणुवीज केंद्राला रशियाहून येणारं इंधन समृद्ध केलेलं असतं, म्हणजे त्यात युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवलेलं असतं, पण ५ टक्क्यांच्या आत. तिथे जपावं लागतं, कारण पाण्यात न्यूट्रॉन मंदावतात आणि मंद न्यूट्रॉन युरेनियम-२३५ ला सहज फोडतात.

इंधन भरलेल्या नळ्या म्हणजे कांड्या, आणि त्या एकत्र बांधून जुडगा होतो. अशा जुडग्यात कांड्यांमधली फट तीन-चार मिलिमीटरची. पेटी उभी आदळली, कांड्या बाहेरच्या बाजूला वाकून एकमेकींपासून लांब गेल्या आणि त्या जागेत पाणी शिरलं, तर धोका वाढतो. दोन जुडगे एकमेकांजवळ सरकले, तरीही वाढतो. म्हणजे जुडग्यातलं अंतर वाढता कामा नये आणि दोन जुडग्यांमधलं घटता कामा नये. त्यासाठीच आतली चौकट जुडग्याला घट्ट आवळून धरते आणि बाहेरचं कवच शेजारच्या पेटीला लांब ठेवतं. काही रचनांत मध्ये बोरॉनचे पत्रे असतात. बोरॉन मुख्यतः मंद न्यूट्रॉनच गिळतो, म्हणून त्याच्या शेजारी प्लास्टिकचे ठोकळे बसवतात. त्यातल्या हायड्रोजनवर आपटून न्यूट्रॉन मंदावतात.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नियमांप्रमाणे पेटी ९ मीटरवरून आपटतात, १ मीटरवरून १५ सेंटिमीटर जाडीच्या पोलादी खुंटावर टाकतात, मग ८०० अंशांच्या आगीत अर्धा तास ठेवतात. ९ मीटरवरून पडताना वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास भरतो, तेव्हा ‘ट्रक तर ८० ने धावतो’ असं लोक म्हणतात. पण चाचणीची जमीन म्हणजे प्रचंड काँक्रीटवर बसवलेला पोलादी पत्रा, जराही न दबणारा. रस्ता, माती, समोरची गाडी हे सगळं दबतं आणि धक्का वाटून घेतं. माझ्या मते ही चाचणी पुरेशी कडक आहे.

एवढं झाल्यावरही पेटी पाण्याने भरली असंच धरून गणित करतात. आणि संपूर्ण बुडणं हे नेहमी सर्वांत वाईट नसतं. दोन पेट्यांमध्ये भरपूर पाणी असलं की एकीचे न्यूट्रॉन दुसरीपर्यंत फारसे पोचत नाहीत. मधे नुसते तुषार असले, समजा आग विझवताना उडालेले, तर न्यूट्रॉन पोचू शकतात. दुसरी वाईट स्थिती पूर ओसरल्यावरची : बाहेरचं पाणी गेलं, पण जुडग्यावरच्या प्लास्टिकच्या पिशवीत साठून राहिलं. म्हणून पिशवी अशी ठेवतात की पाणी आपोआप निथळून जावं. एका गाडीत किती पेट्या चालतील तेही ठरलेलं असतं. प्रत्येक पेटीवर क्रिटिकॅलिटी सेफ्टी इंडेक्सचा, म्हणजे साखळी अभिक्रियेपासूनच्या सुरक्षेसाठी ठरवलेला आकडा लिहितात. सर्वसाधारण वाहतुकीत गाडीतली बेरीज ५० च्या वर जाऊ देत नाहीत.

पुतण्याला एवढं सांगा. बोरॉनचा पत्रा झाकला गेला की पुन्हा दिसत नाही, म्हणून त्याचं प्रमाणपत्र आणि त्यावरचा नंबर झाकण्याआधी ताडून पाहावा. ड्रॉइंगमधलं कुठलंही माप ‘चालतंय’ म्हणून सोडू नये. आणि तळाशी पाणी निथळायची भोकं असतील, तर ती वेल्डिंगच्या थेंबांनी बुजलेली नाहीत ना, हे प्रत्येक पेटीला तार घालून बघावं.