लोड घेऊन घाट चढताना जुनी डिझेल पिकअप ओढत नाही, रिकामी मात्र बरी चालते. आधी काय बघू?

आधी धूर बघा. पंप-नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) खोलायची घाई मेकॅनिकला करू देऊ नका. ते काम महागडं, आणि बऱ्याचदा दोष तिथे नसतोच.

लोडवर काळा धूर सोडत असेल तर इंजिनला हवा कमी पडतेय. एअर फिल्टर उजेडात धरून बघा. तो ठीक असेल आणि गाडी टर्बोची (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा असलेली) असेल, तर टर्बोकडून इंटरकूलरला (ती हवा गार करणाऱ्या जाळीला) जाणारा रबरी होज इंजिन गार असताना हाताने चाचपा, विशेषतः क्लॅम्पच्या कडेला. तिथली चीर एरवी दिसत नाही, दाब आला की उघडते. पण आसपास तेलकट डाग असतो, तोच शोधायचा.

धूर नाही आणि गाडी नुसती मेल्यासारखी? मग डिझेल पुरत नसेल. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू ढिला करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, पाणी असेल तर खाली बसतं. फिल्टर बदलूनही तेच रडगाणं असेल तर टाकीतली जाळी आणि लायनीत शिरणारी हवा तपासा.

आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही? तो क्लच घसरतोय, इंजिनचा काही संबंध नाही. शेवटी ब्रेकही तपासा: थोडं चालवून चाकांजवळ हात नेऊन बघा. एखादाच ड्रम तापला असेल तर ब्रेक धरतोय.