कोकणात 'वाडी' म्हणजे वस्ती की बाग? आणि 'आगर' वेगळं का?

दोन्ही, संदर्भावर ठरतं. 'तुमची वाडी कंची?' असं विचारलं तर गावातली वस्ती. एका गावाच्या अनेक वाड्या असतात. पण 'वाडीत शिंपणं चाललंय' म्हणजे घरामागची नारळी-पोफळीची लागवड. तळकोकणात पितरांना दाखवायचं वाढलेलं पान, तीही वाडीच!

'आगर' बागेच्या अर्थाने वाडीच्या अगदी जवळचा, पण त्याला मिठाचीही बाजू आहे: मिठागर. त्यामुळे रायगडच्या किनाऱ्यावर कुणी 'आगरात गेलेत' म्हणालं, तर नारळ की मीठ हे विचारून घ्यावं. 'बाग' बहुधा हापूसच्या नाहीतर काजूच्या कलमांची. कातळावरच्या कलमांना आगर म्हणालात तर लोक हसतील, एवढंच.